रिकॉल लागलेली गाडी विकायची का? वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

मागच्या अंकात मी रिकॉलबद्दल, म्हणजे कंपनी विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावते त्याबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. सगळ्यात जास्त पत्रं स्पोर्ट्स कारबद्दल आहेत. आमच्या भागात आता पुण्या-मुंबईची पोरं सणावाराला असल्या गाड्या घेऊन येतात, समृद्धीवरून सरळ नागपूर आणि तिथून पांदण रस्त्यानं घरापर्यंत, त्यामुळे प्रश्न येणारच. पत्रं ज्या बोलीत आली त्याच बोलीत ठेवली आहेत.

प्रश्न : दादा, माह्या चुलतभावानं पुन्यात सेकंडहँड दोन दाराची स्पोर्ट्स कार घेतली, बाहेरच्या देशातून आनलेली हाय. दिवाळीले गावात आनली तं अख्खं गाव पाहाले आलं. मंग शेजारच्या पोरानं मोबाईलवर पाहून सांगतलं का या गाडीले दोनदा रिकॉल लागला म्हने. तवापासून आमची मोठी माय त्याच्या मागंच लागली का विकून टाक, खराब गाडी गयात पडली. खरंच विकाव का?
— वरुड तालुक्यातला एक संत्रा बागायतदार

उत्तर : भाऊ, मोठ्या मायला सांगा की विकायची घाई करू नका, आधी फक्त एक गोष्ट बघा, ती दोन्ही कामं त्या गाडीवर झाली का नाही. रिकॉल लागला याचा अर्थ एवढाच की त्या मॉडेलमधला एखादा पार्ट जिवाला धोका करू शकतो हे कंपनीनं कबूल केलं आणि तो फुकट बदलून द्यायची तयारी केली. काम झालेलं असेल तर ती गाडी त्या बाबतीत रिकॉल न लागलेल्या गाडीइतकीच चांगली, आणि नसेल झालं तर मात्र काम होईस्तोवर तिच्यात लेकरंबाळं बसवू नका.

एक उदाहरण सांगतो, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. २०१४ साली पोर्शेच्या ९११ जीटी३ या नव्या मॉडेलच्या दोन गाड्या युरोपात जळाल्या. तपासलं तर कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे इंजिनातल्या पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा, स्क्रू ढिला होत होता, रॉड सुटून इंजिनचा खालचा भाग फोडत होता, गरम ऑइल बाहेर पडत होतं आणि आग लागत होती. कंपनीनं जगभरातल्या ७८५ मालकांना कळवलं की गाडी चालवूच नका, आणि नंतर नुसता स्क्रू नाही तर सगळ्या ७८५ गाड्यांचं इंजिन बदललं. आता तुम्हीच सांगा, अशी इंजिन बदललेली गाडी कुणी विकायला काढली तर ती रिकॉलवाली म्हणून सोडायची का? मी तरी काम झाल्याचा कागद मागितला असता आणि घेतली असती.

तर कागदच बघायचा. आरसीवर चेसिस नंबर असतो, १७ अक्षरं-आकडे मिळून, तोच गाडीवरही कोरलेला असतो, दोन्ही जुळवून घ्या. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे ‘ओ’ दिसला तर तो शून्य आणि ‘आय’ दिसला तर तो एक समजा, निम्मे लोक इथंच चुकतात आणि मग म्हणतात नंबर लागतच नाही. हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की बाकी राहिलेलं काम दिसतं. गाडी अमेरिकेत विकलेली असेल तर तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याच्या, एनएचटीएसएच्या साइटवर हाच नंबर टाका, तिथं न झालेले रिकॉलच दिसतात, झालेले दिसत नाहीत. म्हणजे तिथं काही आलं नाही तर चांगलंच. इथल्या डीलरकडून मात्र लेखी घ्या, तोंडी नको.

प्रश्न : आमच्या यायले नवी हौस आली, जुनी पण चाबीवाली स्पोर्ट्स कार घेतली. त्याच चाबीच्या कड्यात ट्रॅक्टरची चाबी, मोटारपंपाच्या स्टार्टर पेटीची चाबी, गोडावूनची, कपाटाची, वरून देवीचा पितळी टाक. पाव किलोचा जुडगा होये. मी म्हनते येगळी ठेवा, ते म्हनते काही होत नाही. तुमी लिहा म्हनजे आयकतीन.
— आर्वी तालुका, एक ताई

उत्तर : ताई, तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि साहेबांना हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवा. या एका गोष्टीवरून अमेरिकेत माणसं मेली आहेत, मी घाबरवायला सांगत नाही, झालेलं सांगतोय.

जनरल मोटर्सनं फेब्रुवारी २०१४ पासून इग्निशन स्विचसाठी गाड्या परत बोलवायला सुरुवात केली आणि आकडा जगभरात जवळपास २६ लाखांवर गेला. त्यात साध्या घरगुती गाड्या होत्या तशा पाँटियाक सॉल्स्टिस आणि सॅटर्न स्काय या दोन सीटच्या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारही होत्या. खोट काय होती, तर चाबी फिरवल्यावर ती ‘चालू’च्या जागी घट्ट बसायला आत जे अडकण असतं ते कमजोर होतं. खड्ड्यात चाक आपटलं किंवा जुडग्याचं वजन लोंबकळलं की चाबी आपोआप मागं सरकायची आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग गेलं, ब्रेकची मदत गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगची वीजच गेली, म्हणजे धडक होते आणि बॅग उघडतच नाही. भरपाईच्या निधीनं या खोटीमुळे १२४ मृत्यू मान्य केले.

आणि मला राग कशाचा येतो सांगू का, कंपनीच्या माणसांना स्विच ढिला असल्याचं कितीतरी वर्षं आधी माहीत होतं. २००६ च्या सुमारास तो पार्ट आतून सुधारला पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे कुणाला ओळखूच येईना. एका मृत मुलीच्या घरच्यांच्या वकिलानं लावलेल्या इंजिनिअरनं जुना स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच दोन्ही उघडून शेजारी ठेवले तेव्हा हे बाहेर पडलं. मी तीस वर्षं गॅरेजमध्ये पार्ट बदलतोय, पार्ट नंबर हा आमच्यासाठी शब्द असतो, दिलेला शब्द. तो असा फिरवला तर मिस्त्रीनं कशावर भरवसा ठेवायचा?

२०१४ च्याच जूनमध्ये शेवरोले कॅमारो या स्पोर्ट्स कारचाही रिकॉल निघाला, २०१० ते २०१४ मॉडेलच्या पाच लाखांच्या आसपास गाड्या. तिथं प्रकार वेगळा होता. चाबी रिमोटच्या आत दुमडलेली, बटण दाबलं की चाकूसारखी उघडायची, त्यामुळे स्टिअरिंगखाली रिमोटचा ठोकळाच लटकायचा आणि पुढे सरकून बसणाऱ्या माणसाचा गुडघा त्याला लागला की गाडी बंद. उपाय काय केला, तर चाबी वेगळी आणि रिमोट वेगळा. बस एवढंच.

आधी सांगितलेल्या इग्निशन स्विचच्या रिकॉलमध्ये पार्ट येईपर्यंत कंपनीनं मालकांना सांगितलं होतं ते तुमच्या साहेबांनी आजच करावं, कड्यात गाडीची एकच चाबी, दुसरं काही नाही. टाक देव्हाऱ्यात ठेवा, स्टार्टर पेटीची चाबी पंपाजवळच्या खोलीत खुंटीला. तुमची गाडी वेगळ्या कंपनीची असेल तरी आपल्या रस्त्यावर जुनी चाबी आणि जुना स्विच आधीच झिजलेला असतो.

आणि चालता चालता गाडी बंद पडलीच तर घाबरून ब्रेक पंपासारखा मारू नका. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळेपुरता व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, शिल्लक असतो, एकदाच दाबा आणि दाबून ठेवा. स्टिअरिंग जड होतं पण वळतं, दोन्ही हातांनी जोर लावा, गाडी कडेला घ्या. चाबी पूर्ण बंद करून बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात ४६-४७ डिग्री तापते. अशा उन्हात स्पोर्ट्स कार पेट घेते असं आयकलं, एअरबॅगही फुटते म्हणतात. खरं का?
— वरोरा तालुका

उत्तर : नुसत्या उन्हानं धडधाकट गाडी पेट घेत नाही. पण उष्णतेनं कच्चा पार्ट उघडा पडतो हे खरं, आणि दोन्ही गोष्टींची उदाहरणं आहेत.

२०१० मध्ये फेरारीच्या ४५८ इटालिया या नव्या गाड्यांना आगी लागल्या. चाकाच्या वरचं जे आतलं आवरण असतं ते डिंकानं चिकटवलं होतं, एक्झॉस्टच्या उष्णतेनं डिंक तापून धूर यायचा आणि पुढे पेट घ्यायचा. कंपनीनं १,२४८ गाड्या परत घेतल्या आणि डिंक काढून धातूचे रिव्हेट ठोकले. कोट्यवधीची गाडी आणि खोट डिंकात.

एअरबॅगचं जास्त गंभीर आहे. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये बॅग फुगवायला धातूच्या डब्यात अमोनियम नायट्रेटच्या गोळ्या वापरल्या होत्या. तुमच्या वरोरा-वणी-चंद्रपूर पट्ट्यात हे नाव नवीन नाही, कोळसा खाणीतल्या सुरुंगात त्याचाच वापर असतो. वर्षानुवर्षं दिवसा तापणं, रात्री थंड होणं आणि त्यात दमट हवा, यानं त्या गोळ्या भुगभुशीत होतात आणि अपघाताच्या क्षणी एकदम भडकतात, धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे बसलेल्याच्या गळ्या-छातीत घुसतात. जगभरात जवळपास १० कोटी असे डबे परत मागवावे लागले, कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. स्पोर्ट्स कारमध्ये फोर्ड मस्टँगचे २००५ ते २०१४ चे मॉडेल यात होते. भारतातही होंडानं याच कारणानं वेगवेगळ्या वर्षी हजारो गाड्या बोलावल्या, म्हणजे हा विषय फक्त श्रीमंताच्या गाडीचा नाही. आपल्याकडे मे मध्ये भट्टी आणि जुलैत ओल, जुनी गाडी असेल तर चेसिस नंबर टाकून आजच बघा आणि रिकॉल निघाला तर शेडमध्ये उभी ठेवा, मिस्त्रीकडून उघडून बघू नका, तो डबा हाताळायचं काम आमचं नाही.

अजून एक, हे कोणत्याच कंपनीच्या पत्रात येणार नाही म्हणून मी सांगतो. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते आणि तिच्या पोटाखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा धूर साफ करणारा डबा, शेकडो डिग्री तापतो. सोयाबीनच्या कुटाराजवळ, वाळल्या गवतावर, पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी लांबून पळवून आणलेली गाडी उभी करू नका.

प्रश्न : माझी सेकंडहँड, स्पोर्ट मॉडेल म्हणून विकलेली छोटी टर्बो कार आहे. मधूनमधून ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, पूर्ण जोर लावावा लागतो. सर्व्हिस सेंटर १४० किलोमीटरवर. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा सांगितलं की सर नॉर्मल आहे, असंच असतं. कागदावर काही लिहून देत नाहीत. काय करू?
— उमरखेड तालुका

उत्तर : तुमच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देतोय. ब्रेक घट्ट होणं नॉर्मल नाही, कधीच नाही, कुणीही सांगितलं तरी नाही.

पेट्रोल गाडीत ब्रेक हलका लागतो तो व्हॅक्यूममुळे, इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर बूस्टर चालतो. टर्बो इंजिनमध्ये ही ओढ प्रत्येक वेळी पुरेशी मिळत नाही म्हणून बऱ्याच गाड्यांत वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तो पंप, त्याची नळी किंवा बूस्टरचा पडदा यातलं काही गेलं की पेडल दगड. ब्रेक लागतो, पण तुमच्या पायाच्या जोरावर. याच प्रकारासाठी एप्रिल २०२३ मध्ये मारुतीनं बलेनो आरएस या टर्बो मॉडेलच्या ७,२१३ गाड्या परत बोलावल्या, ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ मधल्या, व्हॅक्यूम पंपात खोट असू शकते म्हणून. म्हणजे जे तुम्हाला नॉर्मल म्हणून सांगितलं जातंय तशाच लक्षणाला एका कंपनीनं स्वतःहून सुरक्षेची खोट मानलं. आणि ब्रेकचं दुखणं महाग गाडीलाही चुकत नाही, २०२२ मध्ये फेरारीनं अमेरिकेत २००५ पासूनच्या २३,५५५ गाड्या बोलावल्या कारण ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण हवा नीट आत घेत नव्हतं, आत व्हॅक्यूम तयार होऊन ऑइल गळू शकत होतं. उपाय म्हणून नवीन झाकण दिलं आणि ऑइल कमी झालं की गाडी इशारा देईल असं सॉफ्टवेअर.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं, गाडी बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करा, मग दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्यात चेसिस नंबर आणि मीटरवरचे किलोमीटर दिसू द्या. मग सर्व्हिस सेंटरला जा आणि जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घेतल्याशिवाय चाबी देऊ नका. ‘जनरल चेकअप’ असं लिहितात, ते खोडायला लावा आणि ‘ब्रेक पेडल घट्ट होतो’ असं लिहायला सांगा. नाहीच लिहिलं तर तिथंच उभं राहून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, व्हिडिओ जोडा, तारीख-वेळ टाका. तीन वेळा १४० किलोमीटर जाऊन आलात आणि हातात एक कागद नाही, म्हणजे कंपनीच्या नोंदीत तुमच्या गाडीला काही झालेलंच नाही, मला याचंच वाईट वाटतं.

कारण रिकॉल हा तक्रारींच्या मोजणीवर उभा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ११०-अ हे कलम आलं, त्यानुसार केंद्र सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतली गाडी यात येते. किती तक्रारी आल्या म्हणजे चौकशी, हे त्या मॉडेलच्या वर्षाच्या विक्रीवर ठरतं, दहा हजारांच्या वर विकणाऱ्या कारसाठी १,२५० तक्रारी. कंपनीनं ऐकलं नाही तर दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. आता उमरखेडचा एक, पुसदचा एक, दर्यापूरचा एक असे सगळे शोरूमच्या काउंटरवर तोंडी बोलून घरी आले तर तो आकडा कधी भरणार? तुमची एक लेखी तक्रार त्यातली एक असते. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर ती नोंदवता येते.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. एवढ्यानंही नाही हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळला, केस टाकता येते, शोरूम कुठं का असेना. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्ह्यातच चालतं, पण दोन वर्षांच्या आत टाकावं लागतं. वकील हवाच असंही नाही.

आणि हे सगळं होईस्तोवर जवळच्या चांगल्या मिस्त्रीकडून व्हॅक्यूमची नळी तरी बघून घ्या. उंदरानं कुरतडलेली नळी मी स्वतः कितीतरी गाड्यांत पाहिली आहे, घराशेजारी धान्याची कोठी असली की होतंच. तशी निघाली तर काम किरकोळ. नाही निघाली तर गाडी चालवू नका, खरंच नका.

प्रश्न : एक्झॉस्ट आणि इंजिनचं प्रोग्रामिंग बदललं आहे, मी तिसरा मालक आहे. रिकॉल फुकट होईल का?
— मोर्शी

उत्तर : सुरक्षेचा रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नाही, त्यामुळे तिसरा असलात तरी तुम्हाला पैसे लागत नाहीत. पत्र मात्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं, म्हणून तुमचा मोबाईल नंबर कंपनीकडे बदलून घ्या. रिकॉलमध्ये सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर तुमचं बाहेरून केलेलं प्रोग्रामिंग पुसलं जाईल हे धरून चला, आणि ते वाचवायला म्हणून रिकॉल टाळू नका.

प्रश्न : सर मी आयटीआयला मोटार मेकॅनिक करतो. एवढ्या महाग स्पोर्ट्स कारमध्ये खोट राहतेच कशी? आणि रिकॉलचं काम करूनही गाडी बिघडते का?
— हिंगणघाट, एक विद्यार्थी

उत्तर : बेटा, तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पहिल्याचं उत्तर, स्पोर्ट्स कारमध्ये प्रत्येक पार्ट हद्दीच्या जवळ चालतो, जास्त फेरे, जास्त उष्णता, कमी वजन, त्यामुळे जी चूक साध्या गाडीत दहा वर्षं झाकली जाते ती इथं वर्षभरात बाहेर पडते.

दुसऱ्याचं उत्तर हो, आणि हे तुझ्या कामाचं आहे. २०१८ मध्ये सुबारू बीआरझेड आणि टोयोटानं विकलेल्या तिच्या जुळ्या गाडीच्या २०१३ सालच्या मॉडेलचा व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी रिकॉल निघाला, स्प्रिंग तुटू शकत होती. आता ते इंजिन बॉक्सर, म्हणजे सिलेंडर आडवे, दोन्ही बाजूला. साध्या इंजिनसारखं वरचं झाकण काढलं आणि स्प्रिंग बदलली असं होत नाही, इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागतं, पुढचं कव्हर काढावं लागतं आणि परत बसवताना सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लेप, लावावा लागतो. त्यानंतर काही मालकांच्या तक्रारी आल्या की रिकॉलचं काम होऊन थोड्याच दिवसांत इंजिन गेलं. त्यांचं म्हणणं होतं की सीलंट जास्त लावला, तो आत दाबून निघाला, तुकडे तुटून ऑइलमध्ये फिरले आणि ऑइल मिळणं कमी होऊन बेअरिंग गेले.

म्हणून तू जेव्हा कव्हर बसवशील तेव्हा सीलंटची पुस्तकात लिहिलेली जाडी पाळ, अखंड एक रेघ ओढ, जास्तीचा म्हणून चांगला असं समजू नको. दोन्ही बाजू आधी क्लीनरनं पुसून कोरड्या कर, जुना सीलंट खरवडताना आत पडू देऊ नको, आणि बसवल्यावर वाळायला सांगितलेला वेळ दे, गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघत असलं तरी. तुमच्या वर्कशॉपमध्ये जुनं इंजिन असेल तर सरांना विचारून एकदा ऑइलची टाकी खाली उतरव आणि ऑइल ओढायच्या नळीच्या तोंडाची जाळी बघ. सुपारीएवढ्या गोळ्यानं ती कशी बंद होते ते हातात धरून पाहिलंस की सीलंट किती लावायचा हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही. जाळीत काय सापडलं ते मला लिहून पाठव, पुढच्या अंकात छापतो.